लादी आणि लाकूड यांच्या सीमेवरून

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला सप्तांगच समज. आठव्या अंगाचं कारण ओघात आलं तर येईल, नाही आलं तर विचारू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? खाली बसता येतं का? बसल्यावर उठता येतं का? सहज विचारतोय. वहिनींची मान आता दोन्ही बाजूंना वळत असेल, अशी आशा आहे.

पत्र लिहायचं कारण म्हणजे, फोनवर तू मला मिलिमीटरपर्यंत पोचूच देत नाहीस. मी ‘उंचीतला फरक’ एवढं म्हणेपर्यंत तुझं ‘बरं, ठेवतो’ येतं. तुझा निरोप आईने मला सांगितला. आमच्या फरशीचं मार्गी लागेपर्यंत तिला तुझ्याकडे नेणार म्हणतोस. या ‘लागेपर्यंत’वर माझा विश्वास नाही. तुझ्याकडे मागे अंगण आहे, सकाळचं ऊन येतं, वहिनी पेपर वाचून दाखवतात. अशा ठिकाणी गेलेलं माणूस परत येत नाही. तेव्हा इथली परिस्थिती नेमकी काय आहे हे एकदा शांतपणे वाच, म्हणजे आईला हलवायची काडीइतकीही गरज नाही हे तुझ्या ध्यानात येईल.

स्वयंपाकघरात लादी आणि हॉलमध्ये लाकडी फरशी हा निर्णय माझा. दोन्हींची जाडी मी स्वतः मोजली. (तुला ठाऊक आहेच, मी हे कुठे शिकायला गेलो नाही. बक्षिसं तुला मिळाली, मला बाबांची पक्कड मिळाली, आणि मी तेवढ्यावर भागवलं.) लादी आणि लाकूड अगदी सारख्या जाडीचं आणलं. हात फिरवला तर सांधा कळू नये, असा बेत होता. माझ्या मापात केसाइतकीही चूक नव्हती. पुढे लादीवाल्याने लादीखाली सिमेंटचा मसाला घातला, ही गोष्ट माझ्या मापाबाहेरची आहे. मी त्याला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मसाला नाही घातला तर लादी काय तुमच्या शब्दावर बसेल?” माणूस उद्धट आहे, पण लादी पक्की बसली आहे हे मान्य करावं लागेल. लाकडापेक्षा बोटभर नाही, पण नखभर वर बसली आहे.

त्यात मध्ये फट. ती मात्र मुद्दाम ठेवलेली आहे, कारण लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, त्याला हालचालीला जागा लागते. (आमच्या हिने हे ऐकून ‘मलाही लागते’ असं म्हटलं. विषय फरशीचा होता.) या फटीवर एक पट्टी बसवायची, एवढंच काम उरलं होतं. लादीवाला म्हणाला, पट्टी लाकूडवाल्याची. लाकूडवाला म्हणाला, पट्टी लादीवाल्याची. दोघेही आपापल्या बाजूला उभे राहून त्या फटीकडे असे बघत होते, जणू पलीकडे पाऊल टाकलं तर धरपकड होईल. मग दोघेही गेले आणि पट्टी माझी झाली.

आता पट्टी निवडणं म्हणजे तुझ्यासारख्याला वाटेल की दुकानात जायचं आणि आणायची. दुकानदारालाही तसंच वाटलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी एका बाजूला उतार असलेली गडद लाकडी पट्टी काढून पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, हीच लागेल. पहिल्याच झटक्यात जी वस्तू पुढे येते ती घेणं मला पटत नाही, म्हणून मी सगळ्यांचे तुकडे नमुन्याला मागून आणले. पितळी पट्टी दिसायला देखणी, पण ती सपाट जागेसाठी असते. इथे एका अंगाला टेकते आणि दुसऱ्या अंगाला डुगडुगते. ॲल्युमिनियमची पाय पडला की ताटली आपटल्यासारखी वाजते. रबराची वाजत नाही, पण तिच्यावर आईची काठी अडकते. फरशीच्याच रंगाची घेतली तर सांधा दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्यालाच माणूस ठेचकाळतो. प्रत्येक नमुना मी दारात मांडून आईला काठीसकट त्यावरून नेलं आणि आणलं. ती बिचारी एकदाच म्हणाली, “अरे, उंबरे काय मी आयुष्यात ओलांडले नाहीत? चहा निवतोय.”

दरम्यानच्या सुरक्षेचीही मी चोख व्यवस्था केली. सांध्यावर पिवळी चिकटपट्टी लावली. त्याच्या अलीकडे खुर्ची ठेवली, म्हणजे माणूस आपोआप सावध व्हावं. (खुर्चीला ही दोनदा धडकली, पण सांध्याला नाही, हा मुद्दा लक्षात घे.) शिवाय कुणीही दाराशी आलं की मी जिथे असेन तिथून ‘पाय उचला’ अशी हाक देतो. परवा शेजारच्या बाई वाटी परत द्यायला आल्या, त्यांनी हॉलभर पाय उचलत चालून दाखवलं. सारांश, आजतागायत या घरात आई किंवा ही, दोघींपैकी कुणीही त्या सांध्यावर अडखळलेलं नाही. निवडही जवळजवळ झाल्यात जमा आहे. तेव्हा आईला नेण्याचा विचार सोडून दे.

वहिनींना नमस्कार. तुझ्या पत्राची नव्हे, तुझ्या होकाराची वाट पाहतो.

तुझा धाकटा

ता. क. रविवारी तुला सवड असेल तर येऊन जा. येताना तुझं ते नवं ड्रिल आण. तू ते डब्यातून अजून काढलेलं नाहीस हे मला ठाऊक आहे. काढूही नकोस, तसंच आण. खाली बसायचं काम तुझं, सांगायचं माझं. गुडघ्यांची चौकशी त्यासाठीच केली होती. स्क्रू फक्त खालच्या काँक्रीटमध्ये जाऊ द्यायचा, लाकडात नाही. बाकी आल्यावर सांगेन.

ता. क. २. आठव्या अंगाबद्दल: माझा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. गेल्या आठवड्यात आई स्वयंपाकघरातून येत होती. मी पितळी तुकडा एका हातात आणि रबरी दुसऱ्या हातात घेऊन तिच्या पुढे उलटा चालत, तिच्या पावलांवर नजर ठेवून, ‘आई, पाय उचल’ म्हणत होतो. पण मीही तिच्यासारखा स्वयंपाकघरातूनच निघालो होतो, म्हणजे सांधा माझ्या पाठीमागे होता. आईने पाय उचलला. पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. हिने त्याच संध्याकाळी जाऊन पट्टी आणली. एका बाजूला उतार असलेली, गडद, लाकडी. पलंगाखाली आहे.

ता. क. ३. वरची पहिली ता. क. रद्द समज. आत्ता आई चहा घेऊन आली. एका हातात कप, दुसऱ्यात काठी, नजर माझ्या प्लास्टरवर, आणि तो सांधा तिने खाली न बघता ओलांडला. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे, ही गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. मी तिला विचारलं, दादाबरोबर जाणार का. ती म्हणाली, “जाईन की. पट्टी बसली की जाईन. अशा घरात तुला टाकून कशी जाऊ?”

तेव्हा दादा, रविवारी जेवायलाच ये. ड्रिल मात्र घरीच राहू दे.