गाळलेलं पाणी

१२ नोव्हेंबर
लिहू लिहू म्हणता आठवडा गेला. वही अड्याळच्या बाजारात घेतली, पण तिथे एकजण हातमागाचे पंचे विकत होता, त्याच्याशी गप्पा रंगल्या आणि वही पिशवीतच राहिली. असंच होतं माझं.

तर, मी कुलदीप. राहणार आर्वी, पण राहत नाही तिथे. बारावी काही झाली नाही. मध्यंतरी रत्नागिरीला खाडीतल्या पाण्याचे नमुने काढणाऱ्या होडीवर सामान उचलायचो, तेवढ्या भांडवलावर नागपूरच्या कॉलेजातल्या सरांनी पाण्याचे नमुने घ्यायला इथे धाडलं. भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठला? पण धरणाचा फुगवटा नाल्यातून असा आत शिरलाय की खाडीच म्हणा. जुनं गाव त्याच्या पोटात आहे. लोक वर माळावरच्या नव्या घरांत.

मी लीलाबाईंकडे उतरलोय. एकट्याच असतात. जयभीम घातला, तर आधी जेवायला वाढलं आणि मग नाव विचारलं. काम मजेचं आहे. देवाजी ढिवर डोंगा, म्हणजे इथली लाकडी होडी, हाकतो, मी बारीक कापडाची शंकूसारखी जाळी पाण्यातून ओढतो. टोकाच्या बाटलीत हिरवट रस्सा जमतो आणि भिंगाखाली त्याच्या एका थेंबात जत्रा दिसते. शेवाळाचे मणी, एकडोळे किडे, उड्या मारणारे. मासे यांच्यावरच जगतात. देवाजी म्हणाला, आमी मासे धरतो अन् तू माशायची भाजी मोजतो, तुले पोरगी कोन देईन बाप्पा.

१५ नोव्हेंबर
आज एका जागी जाळी रिकामी आली. भोवती पाणी पोपटी आणि मधे एवढा तुकडा नितळ. दोरीला बांधलेली पांढरी-काळी तबकडी सोडली. एरवी ती हातभर खाली गेली की दिसेनाशी होते. इथे थेट तळाला टेकली तरी दिसत होती. एका विहिरीच्या काठावर टेकली होती. देवाजी म्हणाला, जुन्या गावची विहीर हाय, चाल लवकर. आणि डोंगा वळवला.

भिंगाखाली एक किडा नाही. सर फोनवर म्हणाले, जाळी धुऊन पुन्हा घे. धुतली. पुन्हा रिकामी. पाणी आधीच कोणी गाळून ठेवल्यासारखं.

जेवताना लीलाबाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

१६ नोव्हेंबर
लीलाबाईंनी सकाळी आपण होऊन सांगितलं. प्रतिक्षा, त्यांची पोरगी, तेव्हा पंधरा-सोळाची. गाव वर आलं तेव्हा इथल्या हापशाचं पाणी खारट होतं. लीलाबाई तापाने फणफणलेल्या, त्यांना ते पाणी जाईना. आपल्या विहिरीचं आन म्हणाल्या. फुगवटा चढत होता, पण विहिरीपर्यंत वाट उरली होती. पोरगी पाण्याचा पितळी गुंड आणि जुन्या लुगड्याचं गाळायचं फडकं घेऊन गेली. परत यायला वाट राहिली नाही. सापडलीच नाही.

गाळूनच आनजो, असं मीच म्हनलं तिले, लीलाबाई म्हणाल्या. ती लय सांगितल्यावानी करे. एवढं बोलून नळाच्या पाण्यावर दुहेरी फडकं धरून घागर भरायला बसल्या. मी उगीच भिंग पुसत राहिलो.

१९ नोव्हेंबर
नितळ पाणी वाढतंय. माशांना खायला नाही, मासे गेले. देवाजीची जाळी तीन खेपा कोरडीच. तो म्हणतो, नको जाऊ तिकडं.

गेलो. जाळी सोडली आणि ती अडकली. अडकली नाही, कोणीतरी धरली. ओढली नाही. चिमटीत धरून चाचपली, बाया दुकानात कापडाचा पोत बघतात तशी. मग सोडून दिली.

बाटलीत एक धागा आला. जुन्या लुगड्याचा.

लीलाबाईंना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. देवाजीने सांगून टाकलं.

२१ नोव्हेंबर
लीलाबाई डोंग्यात येऊन बसल्या. उतरेनात. देवाजीने हात जोडले, तर म्हणाल्या, तुयी पोरगी असती तं थांबला असता का?

विहिरीवर पोचल्यावर वाकून पाण्याशी बोलल्या. अगदी हळू, झोपलेल्या लेकराशी बोलावं तसं. पुरे झालं बाई. माही तहान गेली. चाल घरी.

काही झालं नाही. येताना त्या माझ्या आईबद्दल विचारत होत्या. मला रडू आलं. मग कळलं, देवाजीही रडतोय.

२२ नोव्हेंबर
नितळ पाणी गावच्या घाटाला लागलं. घाटावरून बुडालेला रस्ता दिसतो, घरांच्या भिंती, एक बोरीचं झाड.

पिशवी भरलीय. लाखांदूरची एसटी सकाळी आहे. पण या बाईंना टाकून –

लीलाबाई म्हणतात, ती वाट चुकली असन. कोनी आनाले गेलं नाही न तिले.

२३ नोव्हेंबर
एसटी जाऊ दिली. लीलाबाई उठल्या तेव्हा मला कळलंच नाही.

देवाजी धावत आला. घाटावरून चालत खाली गेल्या, म्हणाला. पाणी इतकं नितळ की दिसत होत्या – गुडघा, कंबर, मग डोक्यावर पाणी, तरी चालतच – रस्त्याने – डोक्यावर पदर घेऊन. त्याने उडी मारली. हात पोचला नाही. वळणाशी दिसेनाशा झाल्या.

सगळं गाव घाटावर. मी घरी दोर घ्यायला आलो. आणि इथेच बसलोय.

दुपार
पावलं वाजली. देवाजी असेल वाटलं.

नाही.

दारात पोरगी आहे. पंधरा-सोळाची. कडेवर भरलेला गुंड, त्यावर ओलं फडकं. अंगावरून पाणी निथळतंय, उंबऱ्यात साचलंय. त्यात हिरवा कणसुद्धा नाही.

पुन्हा मान वर करायची हिंमत नाही म्हणून लिहितोय. ती घाबरवत नाहीये. दमलीय. दादा म्हणाली मला. म्हणाली, मायनं आवाज देल्ला म्हून आली –

आतल्या खोलीत बघून आली. आता विचारते, माय कुठं गेली. काय सांगू हिला, की आत्ताच – तुलाच आणायला –