पाचवा गडी

सांगली,
मंगळवार, ४ फेब्रुवारी १९४७

प्रिय जोतिबा,

सिद्धूचं बोट मोडलेलं नाही, मुरगळलं आहे. काल संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः दाबून पाहिलं आणि रविवारी खेळायला हरकत नाही म्हणाले. हे आधी लिहितो, कारण साताऱ्यात एव्हाना कुणीतरी तुला हात मोडल्याचं सांगितलं असेल. इकडे तर खांद्यापर्यंत गेलं होतं. मुरगळलं कसं, ते मात्र कुणी सांगणार नाही. सरावात तिघे एकदम त्याच्या अंगावर गेले. जातील नाहीतर काय? त्यांच्या वाटेत उभं राहायला कुणी नव्हतंच.

तू संघ सोडलास त्याला पाच आठवडे झाले. तेवढ्यात आपण दोन सामने हरलो. रविवारी कराडकर येतायत. हाही गेला तर मंडळ बास्केटबॉलचे खांब उपटून मैदान हुतूतूवाल्यांना देणार, असं तात्या परवा सगळ्यांदेखत बोलले. ते अध्यक्ष आहेत, बोलले की करतात. मला झोप लागते, पण पहाटे चारला जाग येते आणि मग त्या खांबांशिवाय दुसरं काही डोक्यात येत नाही.

आठवतं, तू लढाईवरून, इटलीहून आलास आणि लोहाराकडून कडी घडवून घेतलीस ते? मैदानाच्या कोपऱ्यावर भाजी विकणारी हरणाबाई तुला म्हणाली होती, “आवं, बूड नसलेली टोपली कशाला टांगलीया? वर टाकलेलं खालीच पडतंय की!” सगळे हसले, तूही हसलास. मग तू आम्हाला अमेरिकन छावणीतल्या त्या संघाबद्दल सांगितलंस. लढाईआधी पगार घेऊन खेळणारी ती माणसं. मी शाळेपासून तुझा दोस्त, पण तुला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणालास, “गड्या, त्येंच्यात बॉल कुनाकडं हाय त्येच कळत न्हाई. हातात टिकतच न्हाई. ज्यानं टाकला त्याला कुनी खांद्यावर घेत न्हाई, आन् ज्यानं दिला त्यो कवाच माघारी पळालेला आसतोय.” ती माणसं मी पाहिलेली नाहीत, पुढेही दिसायची नाहीत. तरी तेव्हापासून मी त्यांचा भक्त आहे.

हे तुला त्या छावणीत नवं वाटलं नाही, असंही तू म्हणाला होतास. जतकडं तुमच्या घरची मेंढरं ओढा ओलांडतात तेव्हा एकजण पुढून शीळ घालतो, एकजण मागून हाकतो, आणि एकजण कडेला नुसता उभा असतो. तो काही करत नाही. पण तो नसेल तर कळप त्या बाजूनं फुटतो. आपल्या संघात तू तो कडेचा माणूस झालास. बॉल आला की लगेच पुढे द्यायचास आणि जिथून समोरचा गडी सिद्धूवर धावून जाणार, तिथे आधीच जाऊन उभा राहायचास. धावणाऱ्याला वळसा पडायचा. तेवढ्यात सिद्धूनं टाकलेला असायचा.

मिरजेच्या सामन्यात हेच झालं. आपण जिंकलो, आणि जवळजवळ सगळे गुण सिद्धूचे. आमच्या साप्ताहिकात ते छापून आलं, शेवटी एक वाक्यही आलं: ‘जोतिबा यांस एकही गुण मिळवता आला नाही.’ दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात बाळासो तुला म्हणाला, “काय रं जोतिबा, तिकीट न काढता आतनं मॅच बघितलीस म्हणं!” तू कप ठेवलास आणि उठलास. आठवड्याभरात मंडळानं तुझ्या जागी त्यालाच घेतलं. त्याला बॉल मिळाला की तो टाकतोच, कुठूनही. आता सगळेच टाकतात. आपलंही नाव छापून यावं, असं प्रत्येकाला वाटतं. सिद्धू मला म्हणाला, “अनंतराव, बॉल हातात आला की मी पयलं कडंला बघतूया. जोतिबादा दिसत न्हाई, मग हातच उचलत न्हाई.”

छापून आलं त्या संध्याकाळी तू कचेरीत आला होतास. रागावला नव्हतास. एवढंच विचारलंस, “ह्ये कुनी लिवलं?” मी सांगितलं, संपादकांनी, विष्णुपंतांनी, मागाहून घातलं. जोतिबा, ते वाक्य माझं होतं. रकान्यात दोन ओळींची जागा उरली होती, छपाईवाला दारात उभा होता, मी ते लिहून दिलं. वाक्य खरं होतं, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खोटं बोललो ते तुला उत्तर देताना. विष्णुपंतांना काल सगळं सांगितलं. त्यांनी येत्या गुरुवारच्या अंकात पाव रकाना दिला. त्यात तू कुठे उभा होतास ते लिहिलं आहे, आणि आधीची चूक माझी होती, हेही. त्यानंतर मी तात्यांकडे गेलो. ते म्हणाले, “तुमचा जोतिबा आला तर बघू.” पत्र लिहायचं कारण एवढंच, की हे तुला अंकातून कळू नये. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, पण ये. शनिवारी साताऱ्याहून सुटणारी सर्व्हिस मोटार संध्याकाळी सहाला इथे पोचते, मी तिथे असेन. सामना रविवारी चारला आहे. पाच नावं दोनपर्यंत द्यायची आहेत, आणि तात्यांनी अजून चारच लिहिली आहेत.

तुझाच,
अनंत