डाव्या खांद्यावरची ओल

प्रिय एकार्ट,

सिनेमांत मी तुला सात वेळा सोडलं आणि घरी एकदाच. तुझ्या दफनाला मी आले नाही. ब्रेमेनला शूटिंग आहे, असं सगळ्यांना सांगितलं. शूटिंग नव्हतं.

काल इथे हाम्बुर्गला नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. भूमिका तीच, नवऱ्याला सोडून जाणारी बायको! विंगेत उभी होते, तेवढ्यात कुणीतरी माझ्या डाव्या खांद्यावरून तीनदा थू-थू केलं, आपण नटमंडळी शुभेच्छा देताना करतो तसं. ज्येष्ठमधाचा वास आला. मी न वळताच म्हणाले, "धन्यवाद."

कपडेपट सांभाळणारी गुड्रून खेकसली, "अहो बाई, इतकी वर्षं काम करताय! धन्यवाद म्हटलं की सगळं उलटतं, माहीत नाही? आणि म्हणालात कुणाला? मागे भिंत आहे."

ज्येष्ठमधाच्या गोळ्या तूच चघळायचास. मी धन्यवाद म्हणताच तो वास गेला. खांद्यावरची ओल मात्र सकाळ झाली तरी वाळलेली नाही.

आज पुन्हा प्रयोग आहे. मी तिथेच, भिंतीपासून थोडी जागा सोडून उभी राहीन. ये. या वेळी तोंडातून शब्द काढणार नाही.

तुला सोडणं कधीच न जमलेली,
विब्के