दोन बोटं लांब बाही

माननीय अधिकारी साहेब,

आमचा मुलगा सीमेवर लढताना गेला, त्यानंतर तुम्ही पाठवलेल्या त्याच्या सामानाच्या पेटीतला शर्ट त्याचा नाही. मी शिंपी आहे, त्याचं माप माझ्या बोटांत आहे. ही बाही दोन बोटं लांब निघाली. तेच कळवायला बसलो होतो. पण त्याची आई तो शर्ट उशाशी घेऊन झोपते. म्हणते, "अहो, अजून त्याचाच वास येतो."

काल ती बाजारात गेली तेव्हा मी बाही उसवून त्याच्या मापाची केली. कापलेली पट्टी मात्र टाकवत नाही, खिशात घेऊन फिरतो.

आमच्या मुलाचा शर्ट कुठल्यातरी आईच्या उशाशी असेल. देव करो, तिचा नवरा शिंपी नसो.

आपला,
त्याचा बाप