पितळी कडी, लोखंडी आगळ

मी, शरणबसप्पा वल्द चन्नबसप्पा कोरे, वय वर्षे एकसष्ट, धंदा कापडाचा, राहणार मौजे करजगुंडी, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणाचा धाक नाही, कुणी गळ घातलेली नाही, नशा मी जन्मात केली नाही. दोन महिने धड झोप मात्र नाही, आणि छातीत कळ येते. हा हिवाळा निघेल असे वैद्यांना वाटत नाही. मलाही वाटत नाही. म्हणून आज लिहितो.

कलम पहिले. घराविषयी.

वेशीजवळचे चिरेबंदी घर मी सन एकोणीसशे एकोणचाळीस साली आण्णासाहेब देशमुखांकडून स्वकमाईने विकत घेतले. ते वडिलोपार्जित नाही. भाऊबंदांचा त्यात काडीचा हिस्सा नाही. घर तेव्हाच शंभर वर्षांपलीकडचे होते, पण देशमुखांनी त्याची रया घालवली होती. सागवानी खांबांना हिरवा रंग, दिवाणखान्यात पत्र्याचे दिवे, कोरीव दरवाज्याला आतून ओबडधोबड लोखंडी पट्टी. मला ते पाहवेना. घर बांधले त्या दिवशी जसे दिसले असेल तसे ते पुन्हा करायचे, असे मी मनाशी धरले आणि नऊ वर्षे त्यातच घालवली.

खांब खरवडून त्यांना तेल पाजले. हैदराबादेहून काचेच्या तीन हंड्या आणल्या, एक निळी, दोन पांढऱ्या. झोपाळ्याला मोर असलेल्या पितळी कड्या लावल्या. लामणदिव्याची साखळी जुन्या घडणीचीच हवी म्हणून चार गावचे बाजार पालथे घातले. माझी पत्नी सिद्धम्मा म्हणायची, "पाव्हण्यांच्या डोस्क्यावर तीन तीन हंड्या, अन् म्या चुलीम्होरं चाचपडत भाकर थापते. येक कंदील आणा की."

कंदील या घराला शोभत नाही, असे मी तिला सांगत असे. तो मी शेवटपर्यंत आणला नाही.

दरवाज्यावर जुन्या कडीचा काळा डाग उरला होता. त्या डागाच्या मापाची पितळी कडी आणि कोयंडा मला तीन वर्षांच्या शोधानंतर सोलापूरच्या जुन्या बाजारात मिळाला. तो बसवायला आमच्या गावचा लोहार मदारसाहेब आला. त्याने कडी हातात घेऊन वजन पाहिले.

"आप्पा, दिसायला लई झाक हाय. पर दार रस्त्यावरचं हाय. आतली पट्टी राहू द्या."

"तू लोहार. तुला लोखंडाशिवाय दुसरं सुचायचं नाही. काढ ती पट्टी."

"काढतो. पर दिवस बरे न्हाईत, आप्पा. पुन्यांदा सांगतो."

मी हसलो. त्याने पट्टी काढली.

या वर्षीच्या जेठात गावावर निजामाच्या पाठीराख्यांची टोळी आली. त्या दिवशी मी सोलापुरास होतो, चौथी हंडी आणायला. मुलगा महांतप्पा दुकानाच्या मालासाठी बाहेरगावी. घरात सिद्धम्मा आणि सूनबाई महानंदा. भर दुपारी दारावर कुऱ्हाडी पडू लागल्या. सिद्धम्माने सुनेला परसातून पळायला सांगितले आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. महानंदा सांगते की तिसऱ्या घावाला कोयंडा तुटला. दार सिद्धम्माच्या अंगावर आले. ती पुन्हा उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गवतात गुंडाळलेली हंडी घेऊन गाडीतून उतरलो. हंडीला तडासुद्धा गेला नव्हता.

महांतप्पाने आईला मूठमाती दिली आणि बायकोला घेऊन सोलापूर गाठले. जाताना एकच म्हणाला, "आप्पा, तुमाला घर सजवायचं होतं, राखायचं नव्हतं." त्यानंतर त्याचे पत्र नाही.

दहाव्या दिवशी मदारसाहेब न बोलावता आला. सोबत लोखंडी आगळ होती, या भिंतीतून त्या भिंतीत जाणारी, मनगटाएवढी जाड. ती त्याने बसवली आणि मग उंबऱ्यावर बसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

आता जे लिहायचे ते लिहायला मला सकाळपासून तीनदा दौत बाजूला ठेवावी लागली.

सप्टेंबरात फौज आली, निजामाचे राज्य गेले. गावात पेढे वाटले गेले. चार दिवसांनी जेठातल्या टोळीचा राग गावाने मुसलमान आळीवर काढला. त्या टोळीशी या आळीतल्या कुणाचा संबंध नव्हता. हे गावाला ठाऊक होते, मलाही होते. चौकात दवंडीसारखे ओरडून सांगितले गेले की जो आसरा देईल त्याचेही घर जळेल.

तिसऱ्या प्रहरी माझे दार वाजले.

"आप्पा, म्या मदार. दार उघडा."

मी आगळीवर हात ठेवून उभा होतो.

"मला नगा घेऊ. निस्ती पोरीला आत घ्या. हुसेनबीला घ्या. आप्पा, तुमी हाईत आत, मला ठावं हाय."

माझ्या मनात सूड नव्हता, हे देवाला स्मरून लिहितो. भय होते. हात आगळीवर होता, ती ओढायला एक क्षण पुरला असता. मी ती ओढली नाही. मदारसाहेबाने दारावर तळहात मारले, मग थांबला. कोयंडा तुटला तसे हे दार तुटणार नव्हते. त्याने ते स्वतःच भक्कम केले होते. पावले निघून गेली. त्याला विहिरीजवळ गाठले.

त्याची मुलगी हुसेनबी वाचली. मळ्यातल्या धोंडीबाने तिला कडब्याच्या गंजीत लपवले. धोंडीबाच्या खोपटाला दार नाही, तुराट्यांचा तट्ट्या आहे. माणसे आली तेव्हा तो तट्ट्यापुढे विळा घेऊन बसून राहिला.

म्हणून हे घर, जागेसह, परसासह, मी हुसेनबी बिन्त मदारसाहेब हिला देत आहे. तिने राहावे, विकावे, पाडावे. कुणी आडवे येऊ नये.

कलम दुसरे. तिन्ही हंड्या अणदूरच्या खंडोबाच्या देवळात द्याव्यात. चौथी शोधू नये. ती मी फोडली.

कलम तिसरे. सिद्धम्माची समई आणि दागिने सूनबाई महानंदाचे. सोलापूरचे दुकान महांतप्पाच्या नावे पूर्वीच केले आहे, ते त्याचेच.

कलम चौथे. माझा चुलतभाऊ बंडप्पा त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बरं केलंस, उघडलं न्हाईस. शाना हाईस." त्याला माझ्यामागे काही मिळू नये. त्याने माझ्या मातीला येऊ नये. हा माझा राग त्याच्यावर कमी आणि त्याने ओळखले त्या माणसावर जास्त आहे.

कलम पाचवे. माझी समाधी सिद्धम्माशेजारी असावी असे मागायचा मला अधिकार उरला नाही. महांतप्पा ठरवील तसे.

हे कागद करण्याआधी मी मळ्यात जाऊन हुसेनबीला विचारले. ती तट्ट्याबाहेर आली नाही. आतूनच बोलली.

"घर घिऊन काय करू, आप्पा? तुमी भ्यालात, ते मला कळतं. समदेच भ्याले व्हते. पर अब्बा इतका येळ हाका मारत व्हते. तुमी बोललात का न्हाई? 'न्हाई उघडत' म्हनला आसता तरी आमी फुडं पळालो आसतो. तुमी हाईत म्हनून अब्बा थांबले."

धोंडीबाने मला हाताला धरून बांधापर्यंत आणून सोडले.

तिने घर घेतले नाही तरी ते तिचेच राहील, ओसाड राहिले तरी. त्यात पुन्हा कोरे नावाच्या माणसाने दिवा लावू नये.

वरचा मजकूर लिहून चार दिवस झाले. साक्षीसाठी गावातल्या तिघांना घरी बोलावले. तिघांनीही हा मजकूर ऐकून चप्पल पायात घातली. मग धोंडीबा तयार झाला. दुसऱ्या साक्षीसाठी महांतप्पाला निरोप धाडला, येईल अशी आशा न ठेवता. तो आज सकाळी आला. बसला नाही. उभ्यानेच सगळे वाचले, एकदा नव्हे, दोनदा. मग त्याने लेखणी मागितली.

मुक्काम करजगुंडी. कार्तिक वद्य, शके १८७०. तारीख २३ नोव्हेंबर १९४८, मंगळवार.

लिहून देणार: शरणबसप्पा चन्नबसप्पा कोरे, सही दस्तुरखुद्द.

साक्षीदार पहिला: धोंडीबा, राहणार करजगुंडीचा मळा. डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार दुसरा: वरील मजकूर मी पुरा वाचला. वडिलांनी माझ्यासमोर सही केली. या घरावर मी हक्क सांगणार नाही. त्या दिवशी दाराच्या आत मी असतो तर आगळ ओढली असती, असे मला शपथेवर लिहिता येत नाही.

महांतप्पा शरणबसप्पा कोरे.