शीड विकायचं नाही

मालवीय नगर, जयपूर
१२ जून २००५

चि. दिलीप यास आजीचे अनेक आ. वि. वि.

होडी विकायला माझा अंगठा मागितलास आणि कागद पाकिटात घालायलाच विसरलास. आता बंदरावर जाऊन होडी कुठे ओढून ठेवलीस तेवढं आठवतं का बघ. हे पत्र राजनकाकाची मैत्रेयी लिहिते आहे. मी एक वाक्य सांगते, ती दोनदा 'मतलब?' विचारते. मला अक्षर येत नाही, पण तू काय गाळलंस ते कळतं.

होडी माझ्या नावावर आहे म्हणून विचारते. आजोबांची शिडाची होडी देऊन इंजिनाची कशाला? वारा कुणाच्या दुकानातून आणावा लागत नाही. इंजिनाला डिझेल हवं, तेल हवं, वर मेस्त्रीची मनधरणी. तू होडीचा मालक होणार की मेस्त्रीचा गडी? खरं कारण कळव. इथे आंधी सुटली की गच्चीवरच्या चादरी फुगतात आणि मी जेवता जेवता उठते. राजन म्हणतो, आई, बस ना. बसवत नाही.

रमाला जप. माझी माया आहेच, तुझीही थोडी इकडे वळू दे.

तुझी आजी

---

विजयदुर्ग
२५ जून २००५

ती. आजीस दिलीपचा शि. सा. न. वि. वि.

कागद घातला आहे, पाकीट चिकटवण्याआधी दोनदा पाहिला. शीड फुकट चालतं म्हणतेस, पण दर वर्षी ठिगळं लावायची, दोर बदलायचे, आणि होडीवर चार माणसं हवीत. ती आता गावात मिळत नाहीत. इंजिनावर मी आणि शेजारचा शेषराव पुरतो.

खरं कारण हे. एप्रिलात वारा पडला. किनारा दिसत होता, पोचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका इंजिनवाल्याने दोर टाकून ओढून आणलं. रमा पाचव्या महिन्यातली, तोवर बंदरावरून हलली नव्हती. तुला कळवू नका असं मीच बजावलं होतं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा दिलीप

---

जयपूर
१० जुलै २००५

चि. दिलीप यास अनेक आ. वि. वि.

राजन पोटात होता तेव्हा तुझे आजोबाही असेच अडकले होते. तीन दिवस. मी बंदरावर उभी राहून त्या शिडाला जे बोलले ते मैत्रेयीला लिहायला सांगत नाही. ते परतले, आणि मीच ते शीड धुऊन वाळत घातलं. ते गेल्यावर तर त्याचं कौतुकच सांगत बसले. बंदरावरचे ते तीन दिवस कुणाला सांगितले नाहीत.

अंगठा लावला आहे. शाई जरा पसरली, त्याचा अर्थ काढत बसू नकोस. होडी वीक, शीड विकू नकोस. नव्या होडीत गुंडाळून ठेव, डोलकाठीची सोय करून घे. इंजिन बंद पडलं तर मेस्त्री पोहत येणार नाही. रमाला पुन्हा बंदरावर उभी करू नकोस.

दोघांना, आणि येणाऱ्यालाही, माझी माया पोचव.

तुझी आजी

ता. क. नव्या होडीच्या पहिल्या कोळंबीचे सोडे करून पाठव. डिझेलचा वास नाही आला तरी आला म्हणेन. आणि पुडी शिडाच्या ठिगळातून उरलेल्या कापडात बांध.