कृपया काका

प्रिय कन्येस,

अनेक आशीर्वाद. ‘पिल्लू’ हा तुझ्या आईचा शब्द. तो मी उसना घेत नाही. तुझ्या खोलीतील मैत्रिणीचा हात आता कसा आहे, हे विचारण्यासाठी लेखणी हाती घेतली आणि पहिल्याच वाक्यात लबाडी झाली. तो कसा आहे हे मला ठाऊक आहे. तिची पट्टी मी रोज सकाळी पाहतो. ज्या म्हाताऱ्यामुळे तो हात भाजला, ज्याला स्वयंपाकाच्या वर्गातून काढून टाकावे अशी तक्रार तू प्राचार्यांकडे दिली आहेस, तो ‘कृपया काका’ म्हणजे मी आहे.

हे वाचून तू मटकन खाली बसली असशील. बसूनच वाच. आई गेल्यावर तू ट्रकचालकाच्या प्रशिक्षणाला घेतलेला प्रवेश रद्द करायला निघाली होतीस. ‘बाबा, तुम्हाला साधा चहा तरी येतो का,’ म्हणालीस. माझी व्यवस्था पाहण्यास मी समर्थ आहे, असे मी ताठ मानेने सांगितले. तू वसतिगृहात गेलीस आणि मी समर्थपणे कोरडा पाव खाऊ लागलो. तुझी आई डावखुरी होती हे मला लग्नापासून माहीत. तिचे स्वयंपाकघरही डावखुरे आहे, हे मात्र तेव्हा कळले. झारे, डाव, सुऱ्या, सारे डाव्या अंगाला. मी सवयीने उजवा हात पुढे करी आणि तो भिंतीवर आपटे. एका सकाळी त्या भिंतीला टेकून रडलो, आणि नंतर तुझ्याच संस्थेत स्वयंपाकाच्या वर्गाला नाव घातले. वयाची अट न घालणारी दुसरी संस्था जवळपास नव्हती. तुला कळवले असते, तर तू बॅग भरून परत आली असतीस. म्हणून बाहेरून डबा लावला आहे असे सांगितले. रविवारी घरी येऊन जेवताना तू ‘डबेवाल्या बाईंचा हात सुधारला हं’ म्हणालीस, तेव्हा त्या बाईंच्या वतीने मी मनातल्या मनात तुझे आभार मानले.

आम्हाला शिकवणाऱ्या आचाऱ्यांना मुले ‘शिट्टी’ म्हणतात. ते रागावले की आवाज कुकरसारखा वर चढतो. गरम भांडे घेऊन कोणाच्याही पाठीमागून जाताना ‘मागे’ असे ओरडायचे, हा त्यांचा पहिला नियम. एकच शब्द, आणि तो ऐकणाऱ्याने जागच्या जागी थांबायचे. मी आयुष्यभर कार्यालयात इतरांचे मसुदे सुधारले. परक्या स्त्रीच्या पाठीवर असा नुसता शब्द भिरकावणे माझ्या जिभेला वळेना. मी म्हणे, ‘कृपया, मी आपल्या मागून जात आहे.’ शिट्टी म्हणत, ‘काका, तुमचं वाक्य संपेस्तोवर रस्सा निवतो.’ सारे हसत, मीही हसे. त्या दिवशी माझ्या हातात उकळत्या बटाट्यांचे पातेले होते. मी ‘कृपया’ म्हणालो, आणि कोणीतरी वडीलधारे बोलावते आहे असे समजून माझ्याच वर्गात शिकणारी तुझी मैत्रीण अदबीने माझ्याकडे वळली; उकळते पाणी तिच्या हातावर सांडले.

शरम एवढीच असती, तर पत्र न लिहिता मी सरळ तुझ्यासमोर उभा राहिलो असतो.

आमच्या ओट्यामागच्या खिडकीतून तुमचे मैदान दिसते. पिंपांच्या दोन रांगांमधून तू तो लांबलचक ट्रेलर मागे घेत असतेस आणि तुमचे उस्ताद काठीने फळी बडवत ओरडत असतात, ‘अगं बाई, शेपूट डावीकडे हवं ना, मग चाक उजवीकडे मार.’ तू पिंप पाडतेस, उतरतेस, स्वतः ते उचलून जागेवर ठेवतेस आणि पुन्हा चढतेस. पाहता पाहता माझ्या हातातला बटाटा सोलून सोलून गोटीएवढा होतो. अपघाताच्या थोडे आधी वर्गातला एक जण खिडकीतून पाहून म्हणाला, ‘बाईसाहेबांनी आज पिंपांचं दुकान पार झोपवलं.’ सगळे खिदळले. तुझी मैत्रीण उसळली. ‘माझ्या खोलीत राहते ती, तोंड सांभाळ,’ असे त्याला सुनावून तिने मला विचारले, ‘काका, तुम्ही सारखे तिच्याकडे बघता. ओळखीची आहे का?’ मी ‘नाही’ म्हणालो. मग तिने मायेने विचारले, घरी कोण असतं. मी ‘कोणी नाही’ म्हणालो.

गुपित फुटू नये, तू प्रशिक्षण अर्धवट टाकू नयेस, म्हणून तसे बोललो अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खोटे नाही. परंतु सारे तुला हसत असताना मी ‘नाही’ म्हणालो, हेही खोटे नाही. जिचे तुझ्याशी रक्ताचे नाते नाही, ती तुझ्या बाजूने भांडली आणि तुझा बाप बटाट्याकडे पाहत राहिला.

परवा प्राचार्यांनी आपणा तिघांना बोलावले आहे. तक्रार मागे घेऊ नकोस. ती रास्त आहे. मला काढले तर मी खरोखरीचा डबा लावीन, पण त्यापायी तू ट्रक सोडायचा नाहीस. हे पत्र मात्र त्यासाठी नाही. आज सकाळी भांडी विसळताना तुझ्या मैत्रिणीने मला धीर दिला. ‘काका, घाबरू नका, मी सांगेन सरांना,’ ती म्हणाली, ‘यांना घरी कोणी नाही, इथेच चार माणसं भेटतात, यांना काढू नका.’ भाजलेल्या हाताने ती माझी रदबदली करणार, तीही माझ्या खोट्यावर विसंबून, आणि तू शेजारी बसून ते ऐकणार. ते मला सोसवणार नाही. तिला खरे सांगण्यासाठी मी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा पुन्हा भांडी विसळू लागलो. म्हणून ही विनंती तुला करतो. परवाच्या आत तिला एवढे सांग की काकांना घरी माणूस आहे. ते माणूस कोण, हे सांगायचे की नाही, याचा निर्णय सर्वस्वी तुझा.

तू म्हणशील तर तुझाच,
बाबा